करंडा कुठं गेला माहीत नाही, बटवा मात्र सापडला: १२० बटव्यांच्या एका ऑर्डरचं प्रकरण

२०२५ चा एप्रिल. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, जिल्हा वर्धा. गावात आमचा बचत गट आहे, त्यातल्या आम्ही सात जणी क्रोशा करतो, म्हणजे तोरणं, ताटावरचे रुमाल, देवघराच्या झालरी असलं काहीबाही, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं एकमेकींनाच देऊन टाकतो. ऑर्डर वगैरे शब्द आमच्या तोंडी नव्हता. तर गावातल्याच एका गुरुजींच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मुलीची आई घरी आली, बसायच्या आधीच म्हणते, "बायांना हळदीकुंकवाचा करंडा देऊन राह्यली मी, पण ते फोटोवाली पिशवी नाई पायजे मले. असं काही करून दे का नंतर लोक फेकणार नाईत."

तिला हे का सुचलं तेही सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मागच्या वर्षी त्यांनी वावरात शेणखत टाकलं, वखर फिरवला, तर फासेला, म्हणजे वखराच्या पात्याला, गिफ्टचा चमकी कागद गुंडाळून वर आला, मातीनं माखलेला पण त्यावरचं "शुभविवाह" सोनेरी अक्षरात जसंच्या तसं. कोणाचं लग्न देव जाणे. खेड्यात कचऱ्याची गाडी कुठं येते रोज, सगळं जातं उकिरड्यावर, उकिरड्याचं होतं खत आणि खत जातं वावरात, त्यामुळे गिफ्टचा कागद आपण फेकतो म्हणजे खरं तर आपल्याच कपाशीत पेरतो. मिठाईच्या डब्यावर आणि पत्रिकेवर गुंडाळायचं प्लास्टिक तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे कागदोपत्री, बाजारात जाऊन बघा मग कळेल.

तर ठरलं असं: १२० बटवे, प्रत्येकात एक स्टीलचा करंडा, क्रीम रंग आणि वर लाल काठ, एका नगाचे ६० रुपये. त्यातले २० जवळच्या पाहुण्यांचे, त्यावर नवरानवरीचं नाव आणि तारीख भरायची. हातात चाळीस दिवस. मी मनात गणित केलं, १२० गुणिले ६० म्हणजे ७२०० रुपये, दोऱ्याला दोनेक हजार गेले तरी पाच उरतात, सात जणी, चाळीस दिवस, वा. हे गणित मी कुठं चुकले ते पुढं येतंच.

दोरा घ्यायला नागपूरला गेले इतवारीत, आम्हा बायांना एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं. तिथं पहिला वाद झाला, तोही फोनवर, दुकानदारासमोर उभी राहून. जाऊबाई म्हणे लोकर घ्या, स्वस्त आहे, रंग झकास आहेत आणि रंग जातही नाही. सगळं खरं. पण बाजारातली स्वस्त लोकर म्हणजे ॲक्रिलिक, आणि ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकचाच धागा, मग चमकी कागदाच्या जागी प्लास्टिकचा बटवा विणून आपण काय मोठं केलं. तोरणाला चालते लोकर, वर्षानुवर्षं दारावर राहते, पण जी वस्तू शंभर घरात जाणार आणि कधी ना कधी उकिरड्यावरच येणार ती सुतीच पाहिजे असं मी अडून बसले. सुती दोरा ६५० रुपये किलो पडला. तीन किलो घेतला.

परत येताना बसमध्ये एक हिशोब डोक्यात घोळत होता तो इथं टाकते, विषय थोडा सोडून. आकडा नंतर जाहीर झाला तोच धरते: २०२५-२६ ला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७७१० रुपये क्विंटल होता, म्हणजे किलोला ७७. एक किलो रुई निघायला साधारण तीन किलो कापूस लागतो, बाकी सरकी. म्हणजे आमच्याच वावरातला सव्वादोनशे-अडीचशेचा कापूस जिनिंगला जातो, कुठं कुठं फिरतो आणि ६५० चा दोरा होऊन पिशवीत बसून आमच्याच गावात परत येतो. त्यात बिचाऱ्या सूतगिरणीचा खर्च असतो मान्य आहे, तरी खुपतं.

आता बटवा. ज्या बायांना क्रोशा येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तळ गोल करायचा, मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे दोऱ्याच्या आवळता येणाऱ्या फासात, ६ मुके खांब, दुसऱ्या फेरीला १२, मग १८, २४, असे प्रत्येक फेरीला ६ वाढवत गेलं की गोल पाटासारखा सपाट बसतो. वाढवायचं विसरलात तर वाटी होते, जास्त वाढवलंत तर झालर. आम्ही १२ फेऱ्या केल्या म्हणजे ७२ टाके, तळ साडेआठ सेंटिमीटरचा, करंडा सात सेंटिमीटरचा, आरामात बसतो. मग वाढवणं बंद करून ३४ फेऱ्या सरळ वर, शेवटी नाडी ओवायला जाळीची एक फेरी आणि लाल काठ. मुका खांब म्हणजे आखूड आणि दाट टाका, त्यामुळे कापड असं घट्ट होतं की आत चिल्लर टाकली तरी गळत नाही. नमुना मी केला, मुलीच्या आईला दाखवला, तिनं तो तिथंच कमरेला खोचला आणि म्हणे "असाच." झालं.

नमुना माझा होता, हीच गफलत. पुढचे बटवे सात हातांनी विणले.

दहा दिवसांनी पहिले २१ जमा झाले तर पडवीत ओळीनं मांडल्यावर हसावं का रडावं कळेना, कारण टाके सगळ्यांचे ७२, फेऱ्या सगळ्यांच्या तेवढ्याच, आणि बटवे मात्र लिंबापासून पपईपर्यंत. आमच्या सासूबाईंचा हात इतका आवळ की त्यांचा तळ जेमतेम सव्वासातचा झाला, करंडा अर्ध्यात अडकून बसला, झाकणाची कड आत जाईना. जाऊबाईंचा हात सैल, त्यांचा तळ दहाच्या आसपास, त्यात करंडा असा खुळखुळे जसा डब्यात एकच चिंचोका. २१ पैकी सहा लहान झाले, तीन मोठे. नऊ वाया.

सासूबाईंना सांगायची कोणाची हिंमत नाही. त्या चाळीस वर्षांपासून विणतायत आणि आवळ हात म्हणजे चांगला हात हे त्यांना त्यांच्या मायनं शिकवलेलं. शेवटी मीच म्हटलं की सगळ्यांचे सारखे नाही होऊन राहिले. त्या म्हणाल्या, "माह्ये बरोबर आहेत, करंडे मोठे आणले तुम्ही."

उपाय साधा होता, पण त्याला दोन दिवस लागले. कोणाचा हात बदलत नसतो, सुई बदलायची. नमुना २.५ मिलिमीटरच्या सुईवर होता, तर सासूबाईंना ३ ची दिली आणि जाऊबाईंना २ ची. आणि दुसरं म्हणजे फेऱ्या मोजणं बंद, प्रत्येकीला एकेक करंडा घरी देऊन टाकला, तळ झाला की त्यावर करंडा ठेवून बघायचा, चारी बाजूनं बोटभर नाही पण अर्धं बोट कापड दिसलं पाहिजे, मगच वर चढायचं. हे आधी का नाही सुचलं, शिवणकामात तर आपण ग्राहकाचा जुना ब्लाऊज मागतोच ना मापाला. त्यानंतर एकही बटवा मापाला परत आला नाही.

मोठे झालेले तीन उसवले, क्रोशाचं हे बरं आहे, एक टोक ओढलं की सगळं काम दोरा होऊन हातात येतं आणि दोरा वाया जात नाही. लहान सहा मात्र सासूबाईंचे होते, उसवू देईनात. कोणीतरी म्हटलं ओले करून करंड्यावर ताणून वाळवा, सुती आहे, थोडं सैल होईल. केलं. तासाभरानं बघते तर लाल काठाचा रंग उतरून सगळा क्रीम भाग गुलाबी, तोही एकसारखा नाही, पान खाऊन कोणी चूळ भरल्यासारखा. मीठ टाका म्हणे पाण्यात, रंग पक्का होतो. टाकलं. काही झालं नाही, फक्त खारट गुलाबी पाणी झालं.

आता हा प्रश्न सहा बटव्यांचा नव्हता, तोच लाल दोरा बाकीच्या सगळ्यांना लागणार होता, आणि जी वस्तू परत परत वापरायची म्हणून देतोय ती पहिल्याच धुण्यात अशी होणार असेल तर तिला काय अर्थ. खरं तर ही तपासणी पाच मिनिटांची आहे: नवीन दोऱ्याचा हातभर तुकडा ओला करायचा, पांढऱ्या फडक्यात दाबून वरून गरम इस्त्री फिरवायची, फडक्यावर डाग आला तर तो दोरा हलक्या रंगाजवळ न्यायचाच नाही. मी ती आर्वीला जाऊन दुसरा लाल घेताना दुकानातच केली, दुकानदाराकडची इस्त्री मागून, तो बघतच राहिला. तिथंच अजून एक शिकले की लेबलवर रंगाचा नंबर असतो तसा लॉटचाही असतो, रंग तोच पण लॉट वेगळा असला तर उन्हात शेजारी ठेवल्यावर फरक कळतो, त्यामुळे लागेल तेवढा दोरा एकदमच उचलायचा.

नाडीचंही सांगते, कारण बटव्यात सगळ्यात आधी जाते ती नाडी. आम्ही साखळीची करत होतो, सोपी म्हणून. पण साखळी ओढून ओढून लांबते आणि सुतळीसारखी बारीक होते, मग भोकातून नीट सरकत नाही आणि बटवा उघडाच राहतो. एक दिवस आमचे सासरे खाटेवर बसून बघत होते, ते उन्हाळ्यात अंबाडीचे दोर वळायचे बैलांसाठी, आता बैलच नाहीत तर दोर कुठले. म्हणाले "हे काय नाडी आहे का व, आण इकडं." त्यांनी दोरा चौपदरी घेतला, एक टोक दाराच्या कडीत अडकवलं, दुसरं पेन्सिलीला बांधलं आणि पेन्सिल फिरवत राहिले, फिरवत राहिले, इतका पीळ की दोरा जागोजागी स्वतःहून कुरळा व्हायला लागला. मग मधोमध बोट धरून दोन्ही टोकं एकत्र आणली आणि बोट सोडलं, तर दोन्ही पदर आपोआप एकमेकांवर गर्रकन वळून बसले. हातभर नाडीला तीन हात चौपदरी दोरा लागतो, पण असली नाडी ना लांबते ना उकलते. पुढच्या सगळ्या नाड्या त्यांनीच वळल्या. रोज संध्याकाळी चार-पाच, कोणी आलं की मुद्दाम दाराशी बसून.

शेवटच्या दहा दिवसांचं फार सांगत नाही. एकीच्या माहेरी लग्न निघालं, एकीची सून बाळंतपणाला आली, पारा ४४ वर, घामाच्या हातानं क्रीम दोरा काळा पडायचा म्हणून हाताला पावडर लावून विणायचं, कूलरसमोर बसायचं तर लाईट जायची. १२० पैकी १११ झाले. उरलेले ९ मी रात्रीतून खणाच्या कापडाचे मशीनवर शिवले, ते ४० रुपयांनी धरले. गंमत म्हणजे लग्नात ते ९ आधी उचलले गेले.

आता हिशोब, जो मी आधी करायला पाहिजे होता.

१११ चे ६६६० आणि खणाचे ३६०, मिळून ७०२० रुपये आले, मुलीच्या आईनं एक पैसा कापला नाही. दोरा १९५०, मणी आणि जास्तीचा लाल दोरा ३००, जाणंयेणं नि चहापाणी १८०. राहिले ४५९०. छान वाटतंय ना? आता वेळ धरा. एका बटव्यात जवळजवळ तीन हजार टाके, चांगल्या हाताला मिनिटाला एकवीस-बावीस जमतात, म्हणजे सव्वादोन तास, आणि वाया गेलेले धरून नुसत्या विणण्याचेच सगळे मिळून २७० तास. ताशी १७ रुपये. रोजगार हमीचा दर तेव्हा दिवसाला ३१२ होता, आठ तास धरले तरी ताशी ३९. म्हणजे आम्ही खड्डे खोदायला गेलो असतो तर दुपटीहून जास्त कमावलं असतं.

हा आकडा मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवला तर एक काकू म्हणाल्या की आपण तसंही टीव्ही बघतच विणतो ना, तो वेळ कुठं मोजते. हे वाक्य मला फार डाचलं. आंध्रात नरसापूरला शंभरावर वर्षांपासून बाया घरी बसून क्रोशाची लेस विणतात, २०२४ मध्ये त्या कामाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ती लेस परदेशात जाते, आणि तरी विणणारीचा दर कायम पडकाच राहिला, कारण तेच, घरबसल्या रिकाम्या वेळातलं काम समजलं जातं. क्रोशा मशीनवर होत नाही, प्रत्येक टाका कोणाच्या तरी बोटातून जातो. त्यामुळे टाके कमी करणं किंवा दर वाढवणं, तिसरा रस्ता नाही.

पण दर वाढवायचा तर गिऱ्हाइकाला सांगायचं काय? "पुन्हा वापरता येतो" हेच ना. मग तो खरंच वापरतात का ते बघू म्हटलं. लग्नाला तीन महिने झाले होते, पोळा आठ-दहा दिवसांवर, निंदणं आटोपलेलं, तर मी वही घेऊन निघाले. आमच्या गावात आणि शेजारच्या दोन गावात मिळून ३४ बटव्यांचा पत्ता लागला. लोकांनी येड्यात काढलं, दिलेला बटवा काय परत मागायला आली का म्हणून.

३४ पैकी ११ वापरात होते. एकात बीपीच्या गोळ्या, खिडकीच्या खिळ्याला टांगलेला. दोघींकडे एसटीचे सुट्टे पैसे. एकीकडे देवघरातल्या वाती. एका आजोबांनी बायकोचा बटवा ढापून त्याची चंची केलेली, पान-सुपारी-चुना-तंबाखू, आणि वरून मलाच म्हणाले की आत एक कप्पा पाहिजे होता. बाकीच्यांत किल्ल्या, चार्जर, बटणं. पाच पुढं गेले होते, म्हणजे त्याच बटव्यात दुसरं काही घालून दुसऱ्या कोणाला दिलेले, आम्हाला अगदी हेच तर पाहिजे होतं. तीन हरवले. एक लहान पोट्ट्यानं फाडून तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची झूल केली, ती झूल मी बघितली, वाईट नव्हती.

आणि १४ कपाटात. घडी घालून, साड्यांच्या मध्ये. "भल्ला सुंदर आहे बाई, वापरला तर मळन." त्या प्रत्येकीनं मला खरोखर प्रेमानं हे सांगितलं आणि माझ्या पोटात तेवढाच गोळा आला, कारण कपाटात पडलेला बटवा नि उकिरड्यावरचा कागद यात फरक आहेच, पण आम्ही २७० तास कपाटासाठी विणले नव्हते.

वही चाळताना दोन गोष्टी दिसल्या. पहिली रंगाची. क्रीम रंग म्हणजे भीती. ज्या घरी चुलीवर स्वयंपाक, काळी माती पायाला, तिथं क्रीम बटवा कोण बाहेर काढणार. दुसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती नावाची. त्या ३४ मध्ये आठ नाव भरलेले होते, ज्यांना आम्ही प्रत्येकी पाऊण तास जास्त दिला होता, रेशमाच्या दोऱ्यानं. त्या आठातला एकही पुढं गेला नव्हता. पुढं गेलेले पाचही बिननावाचे. आणि बरोबरच आहे की, दुसऱ्याच्या लग्नाची तारीख लिहिलेल्या बटव्यात आपल्या भाचीला कोण काही देईल? आम्ही हौसेनं नाव भरून त्याचा रस्ताच बंद करून टाकला. आता आम्ही काठाला फक्त एक छोटा साखळीचा फास ठेवतो, त्यात नावाची चिठ्ठी बांधायची, पुढचीनं ती सोडून स्वतःची बांधायची.

पण याच्याही मागचं कारण मापाचं होतं. आमचं सगळं माप करंड्यावर बेतलेलं. करंडा बटव्यात राहिला किती दिवस? एक तास. घरी गेल्यावर करंडा देव्हाऱ्यापाशी, आणि बटवा मोकळा. त्या मोकळ्या बटव्यात काय मावतं हा विचार आम्ही एक मिनिटही केला नव्हता, तो नशिबानं गोळ्यांच्या आणि चंचीच्या कामाचा निघाला इतकंच. मला निदान सहा बायांनी विचारलं की मोबाईल काहून नाई मावत व यात?

त्यामुळे त्यानंतरच्या संक्रांतीच्या वाणाला उलटं केलं. आधी मोबाईल धरला. वावरात निंदायला, वेचायला जाताना बाया मोबाईल ब्लाऊजमध्ये नाहीतर ओच्यात ठेवतात, घामानं खराब होतो, वाकलं की पडतो, मग पिकाच्या तासात, म्हणजे ओळीत, शोधत बसा. तर १८ बाय १० सेंटिमीटरची सपाट पिशवी, गळ्यात अडकवायला सासऱ्यांची पिळाची नाडी, वर बटण. रंग गर्द, कथ्था, हिरवा, जांभळा, मळखाऊ. मुक्या खांबाऐवजी सगळा उभा खांब, तो दुप्पट उंच असल्यामुळे टाके निम्म्यावर आले. खांबाच्या विणीला भोकं पडतात म्हणून आतून ब्लाऊजच्या उरलेल्या कापडाचं अस्तर. विणायला सव्वा तास, अस्तराला पाव, १५ रुपयांच्या आत सामान, किंमत ९०. ताशी ५० पडले. आत वाण काय, तर कंगवा आणि तिळगुळाची पुडी, त्यांना पिशवी थोडी मोठीच होते, होऊ द्या. ४० केल्या, ३१ गेल्या. उरलेल्या नऊ अजून माझ्याकडे आहेत कारण ९० ला बऱ्याच जणी नाही म्हणाल्या, आणि त्यांचंही चुकत नाही, वाणाला ९० जास्तच आहेत आमच्याकडे.

शहरातल्या एका दुकानानंही मागितल्या होत्या, "ठेवून जा, विकल्या की पैसे." आधी दिलेल्या दहा तोरणांचे पैसे अजून यायचे आहेत, त्यामुळे राहू द्या म्हटलं.

बाकी प्रसंगांनाही आता हाच प्रश्न आधी विचारतो. बारशाला टोपडं-झबलं द्यायचं तर गोल टोपली विणायची, दुपदरी दोऱ्याची, म्हणजे उभी राहते, नंतर त्यात बाळाचं तेल, पावडर, काजळ. डोहाळेजेवणाच्या ओटीला झोळी, पण ती नारळापेक्षा बरीच मोठी, कारण नंतर ती भाजीला लागणार, आणि जाळीच्या विणीची, म्हणजे दोरा कमी, वेळ कमी, कांदे-बटाट्याला हवा. राखीसाठी काही करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, एवढ्याशा पाकिटात नंतर काहीच मावत नाही आणि पोस्टात वजन वाढतं, कागदाचं पाकीट बरं. भुलाबाईच्या, म्हणजे पोरींच्या भोंडल्यासारख्या गाण्यांच्या सणाच्या वेळी मात्र पोट्ट्यांनी स्वतःहून मागितलं: खिरापतीच्या डब्यावर घालायला जाड खोळ, दोन पदरी मुक्या खांबाची, कारण डबा वाजवून आत काय आहे ते ओळखायचं असतं आणि खोळीमुळे आवाज दबतो, कोणालाच ओळखता येत नाही. महिनाभर ती खोळ घरोघर फिरली. कोजागिरीनंतर आमच्याच घरी आली आणि आता शाळेच्या पाण्याच्या बाटलीला आहे, थोडी ढिली होते पण चालते.

आणि ते सहा गुलाबी. सासूबाईंनी ते फेकू दिले नाहीत आणि कोणाला दाखवूही दिले नाहीत. दिवाळीनंतर चुलीमागच्या भिंतीची पोतारणी करायला घेतली तेव्हा मला सापडले, सहाही एका ओळीत खिळ्यांना टांगलेले, धुरानं आता गुलाबी पण राहिले नव्हते. एकात भेंडीचं बी, एकात वालाचं, एकात दोडक्याचं, राख मिसळून, सासऱ्यांच्या नाडीनं आवळून बांधलेलं. उरलेल्या तिघांत काय आहे म्हणून हात घातला तर म्हणाल्या, "ठेव तिथंच, ते लावाले अजून टाइम आहे."